बोलक्या बाहुलीचे कान

भातुकली खेळणारी लहान मुलगी आपल्या बाहुलीशीं काय बोलते, हें घरांतील वडील माणसांनीं खोदून विचारूं नये, असा एक अलिखित शिष्टाचार आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. बाहुलीचें लग्न लागतें, तिला ताप येतो, तिच्या सासूचीं बोलणीं मुलगी आपल्याच आजीच्या स्वरांत बोलून दाखविते, आणि जी गोष्ट आईस सांगावयास धीर होत नाहीं ती त्या लांकडाच्या किंवा चिंध्यांच्या ठकीस सहज सांगून टाकते. ठकी सर्व ऐकते, परंतु कोणास सांगत नाहीं. तिचें सारें मोल या एका गुणांत आहे. प्रस्तुत लेखांत ज्या बाहुलीची हकीकत द्यावयाची आहे ती ऐकत असे, उत्तर देत असे, आणि ऐकलेलें बोलणें समुद्रापार पाठवीतही असे. जर्मनी देशांत तिला बंदी झाली. ती बंदी कोणत्या कारणानें झाली हें सांगून, आपल्या देशाच्या नव्या कायद्यांत त्या बाबतींत जी उणीव मला दिसते ती पालकवर्गापुढें व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांपुढें मांडावी, असा माझा विचार आहे.

बाहुलीचें नांव 'माय फ्रेंड केयला', म्हणजे 'माझी मैत्रीण केयला'. हाँगकाँग व लॉस अँजेलिस या दोन शहरांशीं संबंध असलेल्या जेनेसिस टॉईज नांवाच्या कंपनीनें ती बाजारांत आणली. सुमारें दीड फूट उंची, लांब सोनेरी केस, आणि चेहऱ्यावर कायमचें हास्य. तिच्या अंगांत एक मायक्रोफोन व एक ध्वनिक्षेपक बसविलेला असे, आणि ब्लूटूथ नांवाच्या बिनतारी युक्तीनें ती घरांतील मोबाईल फोनशीं जोडली जाई. मुलीनें प्रश्न केला कीं तिचा आवाज बाहुलींतून फोनमध्यें, आणि फोनमधून इंटरनेटच्या मार्गानें दूरच्या संगणकांकडे जाई. आवाजाचे शब्द बनविण्याचें काम न्युआन्स या अमेरिकन कंपनीकडे होतें. त्या शब्दांवरून उत्तर शोधलें जाई व पुन्हां त्याच वाटेनें परत येऊन बाहुलीच्या तोंडून गोड आवाजांत बाहेर पडे. हत्तीचें पिलूं केवढें असतें, चंद्र किती दूर आहे, असे प्रश्न विचारणाऱ्या मुलीस आपली बाहुली मोठी विदुषी वाटे, यांत नवल तें काय?

डिसेंबर २०१६ मध्यें नॉर्वे देशाच्या ग्राहक परिषदेनें या बाहुलीची व तिच्याच जातीच्या इतर कांहीं खेळण्यांची तपासणी करून आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत तीन गोष्टी विशेष आढळल्या. पहिली अशी कीं बाहुलीच्या बिनतारी जोडणीस कुलूपकिल्ली अशी नव्हतीच. आसपासच्या टप्प्यांत असलेल्या कोणाही इसमास, मग तो शेजारच्या खोलींत असो वा खिडकीखालच्या रस्त्यावर, आपला फोन बाहुलीशीं जोडून मुलीचें बोलणें ऐकतां येत असे. इतकेंच नव्हे तर बाहुलीच्या तोंडून तिच्याशीं बोलतांही येत असे. याकरितां कोणतीही विशेष विद्या लागत नव्हती. दुसरी गोष्ट करारपत्राची. विकत घेणाऱ्यानें ज्या अटी मान्य करावयाच्या त्या अटींप्रमाणें मुलीचा आवाज इतर कामांकरितां वापरण्याची व इतर कंपन्यांस देण्याची वाट मोकळी ठेवलेली होती, आणि त्या अटी आगाऊ सूचना न देतां बदलण्याचीही सोय करून ठेवली होती. तिसरी गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. मला मात्र ती सर्वांत अधिक बोंचली. बाहुलीच्या तोंडीं कांहीं वाक्यें आधींच घालून ठेवलेलीं होतीं, आणि त्यांत डिस्ने कंपनीच्या चित्रपटांची आवड ती मोठ्या कौतुकानें बोलून दाखवीत असे. मैत्रीण जें बोलते ती जाहिरात आहे, हें पांच वर्षांच्या मुलीनें ओळखावें तरी कसें? आपल्यांतील कित्येक शहाण्यासुरत्या माणसांस देखील वर्तमानपत्रांतील बातमी कोणती व जाहिरात कोणती हें दरवेळीं ओळखतां येत नाहीं.

नॉर्वेनें अहवाल लिहिला. जर्मनीनें एक पाऊल पुढें टाकलें. सारलँड विश्वविद्यालयांतील कायद्याच्या एका विद्यार्थ्यानें अशी शंका उपस्थित केली कीं ही बाहुली देशाच्या कायद्याप्रमाणें मुळीं खेळणेंच नसून, छुपें श्रवणयंत्र होय. ता. १७ फेब्रुवारी २०१७ रोजीं जर्मनीच्या बुन्देसनेट्झआगेन्तूर या सरकारी खात्यानें तोच अभिप्राय जाहीर केला. (दूरसंचार, टपाल, वीज, रेल्वे इत्यादींच्या जाळ्यांवर देखरेख ठेवणारें हें खातें आहे.) बाहुलीची विक्री बंद झाली, आणि ज्या आईबापांनीं ती घेतली होती त्यांनीं ती निकामी करून टाकावी असें कळविण्यांत आलें. आईबापांवर खटले भरण्याचा विचार नाहीं, हेंही खात्यानें त्याच वेळीं सांगून टाकलें.

ज्या कलमाच्या आधारें ही बंदी झाली तें लक्ष देऊन पाहण्यासारखें आहे. तें त्या वेळच्या दूरसंचार कायद्याचें ९० वें कलम. दिसण्यांत एक व करण्यांत दुसरीच, अशा रीतीनें रोजच्या वापरांतील वस्तूचें रूप घेतलेलें, आणि त्यामुळें दुसऱ्याचें खासगी बोलणें नकळत ऐकण्यास किंवा त्याचें चित्र नकळत घेण्यास सोयीचें असलेलें प्रक्षेपक यंत्र बनविणें, विकणें, परदेशांतून आणणें, इतकेंच नव्हे तर जवळ बाळगणें देखील या कलमानें निषिद्ध केलें होतें. पुढें १ डिसेंबर २०२१ पासून अमलांत आलेल्या स्वतंत्र कायद्यांत हाच निषेध कायम ठेवण्यांत आला. लेखणींत लपविलेला मायक्रोफोन व बाहुलींत लपविलेला मायक्रोफोन यांत या कलमाच्या दृष्टीनें कांहीं भेद नाहीं. कंपनीचा हेतु हेरगिरीचा होता कीं करमणुकीचा, हा प्रश्न तेथें उपस्थितच होत नाहीं. विक्रेत्यांनीं ही वस्तु हेरगिरीची नव्हे असें सांगितलें, व त्यांच्या मनांत तसें कांहीं नसेलही. परंतु ज्या कानास दार नाहीं त्या कानापाशीं उद्यां कोण येऊन बसेल याची हमी, तो कान बनविणाऱ्यासही देतां येत नाहीं.

हें इतकें कडक कलम जर्मन लोकांस कां रुचतें, याचें कारण त्यांच्या इतिहासांत सांपडतें. भिंतीलाही कान असतात, ही आपल्याकडे म्हण आहे. पूर्व जर्मनींत ती रोजची वस्तुस्थिति होती. १९५० सालीं स्थापन झालेल्या तेथील राज्यसुरक्षा मंत्रालयानें, म्हणजे 'श्टाझी'नें, चाळीस वर्षें स्वतःच्याच प्रजेचें बोलणें चोरून ऐकलें. तें राज्य कोसळल्यावर डिसेंबर १९९१ च्या कायद्यानें नागरिकांस आपापल्या नांवाचीं दप्तरें पाहण्याची मुभा मिळाली, तेव्हां आपल्याविषयींची माहिती शेजाऱ्यानें, मित्रानें, क्वचित् घरच्याच माणसानें पुरविली होती, हें कित्येकांस कळून आलें. पश्चिमेकडील भागांतही हा प्रश्न फार पूर्वींपासून जागा होता. हेसेन या प्रांतानें १९७० सालीं माहितीच्या संरक्षणाचा जगांतील पहिला कायदा केला. आणि १५ डिसेंबर १९८३ रोजीं जर्मनीच्या घटना-न्यायालयानें शिरगणतीच्या एका खटल्यांत असा निर्णय दिला कीं आपल्याविषयींची माहिती कोणास किती द्यावी हें ठरविण्याचा मूळ अधिकार ज्याची ती माहिती त्याचाच आहे.

आतां कोणी म्हणेल कीं बाहुलीवर बंदी घालण्याचा एवढा खटाटोप कशास? मुलीचा आवाज अमेरिकेंत गेला तर तेथें त्याचें काय होतें यावर कायद्यानें नजर ठेवली म्हणजे झालें. सांगावयास हें सोपें आहे. वास्तविक माहिती एका देशांतून दुसऱ्या देशांत गेली म्हणजे तिच्यामागें कायदा कसा धांपा टाकीत जातो, याचें एक ठळक उदाहरण उपलब्ध आहे. ऑस्ट्रिया देशांतील मॅक्स श्रेम्स यांनीं कायद्याचे विद्यार्थी असतांना, २०११ सालीं, फेसबुक कंपनीपाशीं स्वतःविषयींची माहिती मागितली, तेव्हां त्यांच्या हातीं बाराशें पानांच्या वर मजकूर आला. त्यांत त्यांनीं आपल्या समजुतीप्रमाणें पुसून टाकलेला मजकूरही होता. पुढें २०१३ सालीं त्यांनीं अशी तक्रार केली कीं युरोपांतील माणसाची माहिती अमेरिकेंत सुरक्षित राहत नाहीं. माणूस ऑस्ट्रियाचा, कंपनीचें युरोपांतील ठाणें आयर्लंडमध्यें, माहिती अमेरिकेंत, आणि निकाल देणारें न्यायालय लक्झेंबर्ग येथें! त्या न्यायालयानें ६ ऑक्टोबर २०१५ रोजीं युरोप व अमेरिका यांच्यामधील माहितीच्या देवघेवीची जुनी व्यवस्था रद्द केली. दोन्ही बाजूंनीं मिळून दुसरी व्यवस्था केली. ती १६ जुलै २०२० रोजीं रद्द झाली. मग जुलै २०२३ मध्यें तिसरी व्यवस्था करण्यांत आली. श्रेम्स यांच्या चिकाटीबद्दल कोणासही आदर वाटेल, व आपल्या विद्यार्थ्यांनीं त्यांचें नांव लक्षांत ठेवावें. परंतु पहिल्या तक्रारीपासून दुसऱ्या निकालापर्यंत सात वर्षें लोटलीं. तेवढ्या अवधींत पांच वर्षांची मुलगी बारा वर्षांची होते, आणि तिनें बाहुलीस सांगितलेलें गुपित कोणत्या देशांतील कोणत्या कपाटांत पडलें आहे हें न्यायाधीशांस सुद्धां सांगतां येत नाहीं.

जर्मनीच्या त्या कलमाची खुबी येथें ध्यानांत येते. शब्द कोठें गेले हें तें कलम विचारीत नाहीं. कान कोठें आहे एवढेंच विचारतें. शब्द सात समुद्र ओलांडून जातात. कान मात्र दुकानाच्या फळीवर असतो, बंदरांत उतरणाऱ्या पेटींत असतो, मुलीच्या उशाशीं असतो. आणि तेथपर्यंत देशाच्या कायद्याचा हात निश्चित पोंचतो.

परंतु मला या विषयावर लिहावयास जिनें भाग पाडलें ती गोष्ट बाहुलीची नव्हे, घड्याळाची आहे. त्याच वर्षीं, नोव्हेंबर २०१७ मध्यें, त्याच जर्मन खात्यानें लहान मुलांच्या एका प्रकारच्या मनगटी घड्याळांवरही बंदी घातली. पांच ते बारा वर्षांच्या मुलांकरितां विकलीं जाणारीं हीं घड्याळें. त्यांत फोनचें कार्ड असे, आणि आईबापांनीं आपल्या फोनवरून इशारा दिला कीं घड्याळ गुपचूप त्यांच्या फोनशीं जोडलें जाऊन आसपासचें सर्व बोलणें त्यांस ऐकूं येई. मुलास याची वार्ताही नसे. खात्याच्या चौकशींत असें निष्पन्न झालें कीं आईबाप या सोयीचा उपयोग वर्गांत शिक्षक काय बोलतात तें ऐकण्याकडे करीत होते. खात्यानें घड्याळें नष्ट करून त्याचा पुरावा जपून ठेवण्यास पालकांस सांगितलें, व शाळांनीं अशा घड्याळांकडे अधिक लक्ष द्यावें असेंही सुचविलें.

येथें ऐकणारा कोणी परका चोर नव्हता. ऐकणारी आई होती, बाप होता. आणि पोटच्या मुलाविषयींच्या काळजीनेंच ते ऐकत होते. म्हणून हें उदाहरण बाहुलीपेक्षां अवघड आहे. शिक्षकांनीं आपलें बोलणें आईबापांस ऐकूं जाईल या भीतीनें तक्रार करावी, हें मला मान्य नाहीं. वर्गांत जें बोलावयाचें तें चारचौघांत बोलतां येईल असेंच असावें. प्रश्न शिक्षकाचा नाहींच. वर्गांत आणखी चाळीस-पन्नास मुलें असतात. त्यांतील एक कविता म्हणतांना अडखळतें, एक फी न आणल्याचें कारण हळूच सांगतें, एकाच्या वडिलांचें आजारपण बाईंस विचारावें लागतें, एक रडतें. हें सर्व त्या चार भिंतींत राहावें अशा समजुतीनें मुलें तेथें बसलेलीं असतात. एका घरानें घड्याळाच्या अटींस मान्यता दिली. बाकीच्या घरांनीं कोठें दिली? त्यांस कोणीं विचारलें तरी काय?

या एका प्रश्नाभोंवतीं माझें सर्व म्हणणें आहे. खासगीपणाचे हल्लींचे बहुतेक कायदे 'संमति' या एका खांबावर उभे आहेत. माहिती घेणाऱ्यानें विचारावें, माहिती देणाऱ्यानें होय म्हणावें, म्हणजे व्यवहार शुद्ध झाला, असें ते मानतात. दोन माणसांमधील देवघेवीस ही रीति पुरेशी असेल. परंतु कान असलेली वस्तु खोलींत ठेवली म्हणजे ती एकाचें ऐकून दुसऱ्याचें सोडून देत नाहीं. घरीं आलेली मैत्रीण, पाणी मागावयास आलेली शेजारीण, कामाची बाई, दुपारीं पडल्यापडल्या पुटपुटणारे आजोबा, या सर्वांचें ती ऐकते. विकत घेणाऱ्यानें दिलेली संमति यांच्या वतीनें दिलेली नसते, व देण्याचा त्याला अधिकारही नसतो. ज्यानें त्यानें आपल्या घराचें दार उघडावें हें ठीक. शेजाऱ्याच्या दाराची किल्ली त्याच्यापाशीं कोठून येणार? येशू ख्रिस्तानें प्रार्थना करणाऱ्यास आपल्या खोलींत जाऊन दार लावून घेण्यास सांगितलें, तें चोरी लपविण्याकरितां खास नव्हे. लपविण्यासारखें कांहीं नसतांनाही दार लावावेंसें वाटणें ही माणसाच्या मनाची एक थोर गरज आहे. आणि मुलाच्या मनाची तर ती वाढण्याची जागा आहे.

आपल्या देशाकडे वळूं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं, म्हणजे केयलेवरील बंदीनंतर सहा महिन्यांनीं, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें असा निर्णय दिला कीं खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी खटला या नांवानें तो ओळखला जातो. निकाल देणाऱ्यांत आपल्या नागपूरचे न्यायमूर्ति शरद बोबडे यांनीं स्वतंत्र निकालपत्र लिहिलें आहे. न्यायमूर्ति संजय किशन कौल यांनीं आपल्या निकालपत्रांत मुलांचा मुद्दाम उल्लेख केला: लहानपणीं इंटरनेटवर उमटलेल्या पाऊलखुणा पुसल्या जात नाहींत, आणि अजाणपणाच्या चुकांचें ओझें मुलांनीं जन्मभर वाहूं नये, अशा आशयाचें त्यांचें म्हणणें आहे. त्यानंतर सहा वर्षांनीं, ऑगस्ट २०२३ मध्यें, डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या अंगावर घेण्यास कंपन्यांस त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे.

या कायद्यांत चांगलें पुष्कळ आहे, व तें पालकांनीं जाणून घ्यावें. कंपनी परदेशांतील असली तरी ती भारतांतील माणसांस माल किंवा सेवा पुरवीत असेल तर या कायद्याच्या कक्षेंत येते. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची पडताळून पाहतां येईल अशी संमति घेतली पाहिजे. मुलांच्या वागणुकीचा मागोवा घेणें व त्यांना हेरून जाहिराती दाखविणें मना आहे. मुलांविषयींचीं हीं कर्तव्यें मोडल्यास दोनशें कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि संमति मागणारी सूचना इंग्रजीबरोबरच घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याही भाषेंत वाचावयास मिळण्याची सोय असली पाहिजे. त्या बावीस भाषांत मराठी आहे, कोंकणी आहे. या शेवटच्या तरतुदीकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. मला ती सर्वांत मोलाची वाटते. इंग्रजींतील अटी न वाचतां मान्य करण्याची जी संवय आपल्या घराघरांत लागली आहे तिला निदान सबब तरी उरणार नाहीं.

पण उणीव आहे ती अशी. हा कायदा माहितीविषयीं बोलतो, वस्तूविषयीं बोलत नाहीं. आणि मुलांच्या बाबतींत तो सर्व भार आईबापांच्या संमतीवर टाकतो. आपल्या घरांतील खरी स्थिति काय आहे? फोन आईचा असतो, पण तो चालवितो मुलगा. नवें ॲप घालतांना पडद्यावर जो 'मान्य आहे' असा चौकोन येतो तो आईच्या वतीनें मुलगाच दाबतो. आईस आलेला आंकडाही तोच वाचून तोच भरतो. ज्याच्या रक्षणाकरितां संमति मागावयाची तोच ती देऊन मोकळा होतो! हें लबाडीनें होतें असें नाहीं. घरांत त्याच्याखेरीज तें दुसऱ्या कोणास जमत नाहीं, म्हणून होतें. शिवाय कोणी आपल्या वैयक्तिक किंवा घरगुती कामाकरितां माहिती वापरीत असेल तर त्याला हा कायदा लागू नाहीं. घरगुती व्यवहारांत सरकारनें नाक खुपसूं नये हें योग्यच आहे. परंतु मुलाच्या मनगटावरून वर्गांत कान लावणारा बाप आपलें हें काम घरगुतीच आहे असें म्हणेल, आणि त्याला उत्तर काय द्यावयाचें हें मला तरी या कायद्यांत स्पष्ट दिसत नाहीं.

शाळांनींही या बाबतींत स्वतःस अगदीं निर्दोष समजूं नये. २०२० च्या साथींत शिक्षण पडद्यावर आलें, तेव्हां कोणतें साधन मुलाविषयीं काय टिपून घेतें हें पाहण्यास कोणापाशींच सवड नव्हती. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें मे २०२२ मध्यें भारतासह ४९ देशांतील अशा दीडशेंहून अधिक साधनांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील दहांपैकीं सुमारें नऊ साधनें मुलांच्या खासगीपणास धोका पोंचविणारीं किंवा त्याचा भंग करणारीं ठरलीं. त्यांपैकीं पुष्कळ साधनें खुद्द सरकारांनीं शिफारस केलेलीं होतीं. आतां नव्या नियमांनीं शिक्षणसंस्थांस, शिक्षणाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती, कांहीं सवलत दिली आहे. ती सवलत आवश्यक असेल; पण तिचा उपयोग शाळा काय व कितपत करते, हें विचारण्याचा पालकांचा अधिकार तिनें जात नाहीं.

माझ्या म्हणण्यावर जो आक्षेप येईल त्याची मला जाणीव आहे. मुंबईच्या लोकलमधून एकटी येणारी मुलगी, दोन बस बदलून येणारा सातवींतील मुलगा, यांच्या आईनें दिवसभर जीव मुठींत धरून बसावें काय? मुळींच नाहीं. मूल कोठें आहे हें कळणें निराळें, आणि त्याच्याभोंवतीं कोण काय बोलतें हें त्याच्या नकळत ऐकणें निराळें. जर्मनीनें बंदी घातली ती दुसऱ्या गोष्टीवर. मुलानें फोन करावा, आईनें करावा, दोघांनीं एकमेकांस माहीत असतां बोलावें, यास कोणाचा विरोध असणार? आपल्यावर कोणी कान ठेवून आहे हें मुलास माहीत नसणें, यांतच सर्व विष आहे. मुलास एक दिवस तें कळतेंच. आणि त्या दिवसापासून तें घड्याळ घरीं विसरून येऊं लागतें व आईस खरें सांगण्याचें सोडून देतें. मग मूल कोठें आहे हेंही आईस कळेनासें होतें.

दुसरा आक्षेप असा येईल कीं बंदीनें नव्या विद्येची वाढ खुंटेल. याचें उत्तर फार लांबविण्याचें कारण नाहीं. रंगांत शिसें घालूं नये असा नियम झाला म्हणून खेळणीं व्हावयाचीं थांबलीं नाहींत.

शिशाची ही गोष्ट नुसती उपमा म्हणून मीं घेतलेली नाहीं. आपल्या देशांत खेळण्यांच्या गुणनियंत्रणाचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलांत आला आहे. त्याप्रमाणें चौदा वर्षांखालील मुलांकरितां विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असणें सक्तीचें आहे, मग खेळणें देशी असो वा बाहेरून आलेलें असो. (नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांस त्यांतून सूट आहे, ही समाधानाची गोष्ट होय.) खेळण्याची धार बोटास कापते काय, त्याचा लहानसा तुकडा गिळला जाण्याचा धोका आहे काय, तें लवकर पेट घेतें काय, रंगांतून विषारी धातु अंगांत जातात काय, विजेचें असल्यास झटका बसतो काय, हें सर्व त्या चिन्हापूर्वीं तपासलें जातें. म्हणजे तपासणारी यंत्रणा आहे, प्रयोगशाळा आहेत, बंदरावर माल अडविण्याचा अधिकार आहे. त्याच यादींत आणखी तीन प्रश्न घालावे अशी माझी सूचना आहे: या खेळण्यांत मायक्रोफोन किंवा कॅमेरा आहे काय, असल्यास तो चालूं आहे हें मुलास दिव्यानें किंवा आवाजानें कळतें काय, आणि परक्याच्या फोनास तो कुलुपावांचून जोडतां येतो काय. ब्रिटननें २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटशीं जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंस सरसकट एकच ठराविक सांकेतिक शब्द घालून विकण्यास मनाई केली आहे. तेव्हां तिसरा प्रश्न विचारणें हें कांहीं जगावेगळें नव्हे. यास नवा कायदा लागणार नाहीं, परदेशांतील न्यायालयांत जावें लागणार नाहीं, आणि आईनें चाळीस पानांच्या अटी वाचल्या होत्या काय या वादांत कोणास पडावें लागणार नाहीं.

सरकार हें करील तेव्हां करील. तोंवर आपल्या शाळेपुरता एक नियम पालकसभेपुढें यावा. ज्या घड्याळांतून बाहेरून ऐकतां येतें तीं शाळेच्या वेळांत मुलांनीं मनगटावर ठेवूं नयेत. सकाळीं वर्गशिक्षकांपाशीं द्यावीं व सुटतांना परत घ्यावीं. ठावठिकाणा दाखविणारीं पण ऐकण्याची सोय नसलेलीं घड्याळें या नियमांतून वगळावीं. कोणतें घड्याळ कोणत्या प्रकारचें हें ओळखण्याचें काम वरच्या वर्गांतील दोघां-तिघां विद्यार्थ्यांवर सोंपवावें. त्यांस तें आम्हां शिक्षकांपेक्षां निःसंशय अधिक चांगलें समजतें. ज्या पालकांस हा नियम जाचक वाटेल, किंवा आपल्या मुलाच्या प्रकृतीच्या कारणानें ज्यांस अशा साधनाची खरोखरच गरज असेल, त्यांनीं आपलें म्हणणें सभेपूर्वीं लेखी कळवावें, म्हणजे त्याचा विचार त्याच सभेंत करतां येईल.